भावोजींच्या डब्यातल्या किल्ल्या

सेंटर पुन्हा उघडणार ही बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांना आनंद झाला, आणि आमचे भावोजी तेवढे जेवेनासे झाले.

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. धंदा किल्ल्या करून देण्याचा. सेंटर म्हणजे आमच्या भागातलं दुमजली व्यापारी संकुल. पण संकुल-बिंकुल कुणी म्हणत नाही, लहानथोर सगळे सेंटरच म्हणतात. तिथल्या मधल्या जिन्याखाली, उभं राहिलं तर डोकं आपटेल अशा तिरक्या जागेत भावोजींचं दुकान. एक मशीन, एक स्टूल, खिळ्यांवर लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि डोक्यावरून दिवसभर लोकांच्या पायांचा आवाज. "वहिनी, अख्खा बाजार माझ्या डोक्यावरून चालतो, तरी मी ताठ बसतो," असं म्हणायचे. ताठ कसले, त्या जागेनेच पाठीला बाक आलाय.

मग तळघरातल्या खांबांना तडे गेल्याचं कुणाच्या तरी लक्षात आलं. तपासणीवाले आले, हातोडीने ठोकून गेले, आणि सेंटर ताबडतोब रिकामं करा असा हुकूम निघाला. ज्याला जेवढं उचलता आलं तेवढं त्याने उचललं, बाकीचं आत ठेवून शटर ओढलं, कुलूप लावलं. दोन-तीन महिन्यांत काम उरकेल असं सांगितलं होतं. त्या दोन-तीन महिन्यांत आमच्या धाकटीची शाळा संपून कॉलेज सुरू झालं.

तेवढा सगळा काळ भावोजींचं मशीन आमच्या घराच्या पॅसेजमध्ये होतं. सकाळी मी देवापुढे बसले की भावोजींचं पहिलं गिऱ्हाईक यायचं आणि मशीन किंचाळायला लागायचं.

"भावोजी, देवाच्या कानाला दडे बसतील हो!"

"बसू देत वहिनी. तुमची मागण्यांची यादी ऐकून तो थकलाय. मी त्याला मध्येमध्ये विसावा देतो."

पण माणूस कामाचा चोख. मशीनवरून किल्ली निघाली की लगेच हातात द्यायची नाही. आधी कानशीने कडा घासणार, मग अंगठा फिरवून बघणार, मग पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या दातांवर चोळणार, म्हणजे ती कुलपात सरकन जाते. "कडा टोचली आणि खिसा फाटला तर शिव्या मला," हे वर.

आणि काळजी! काळजीला त्यांच्याइतकं जपणारं माणूस मी बघितलं नाही. सगळे मिळून कुठे निघालो तर कोपऱ्यावरून परत फिरून दार ओढून बघणार. कुलूप त्यांच्याच हातचं, लावलं त्यांनीच, तरी बघणार. गॅस बंद केलाय का हे मला विचारणार, मग स्वतः जाऊन वास घेऊन येणार. आमचे हे म्हणतात, "याच्या वाटणीची काळजी आणि आपल्याही वाटणीची, दोन्ही हाच करतो. आपण मोकळे."

म्हणून ताटातलं तसंच राहायला लागलं तेव्हा आधी मी मनावर घेतलं नाही. म्हटलं, पुन्हा नवं बस्तान बसवायचं, लोक येतील की नाही, असलं काही असेल. पण त्यांचा रंग काळवंडला. सेंटरचा कुणी ओळखीचा दारात आला की भावोजी मागच्या खोलीत. एरवी तासभर गप्पा मारणारा माणूस "झोपलोय म्हणून सांगा" म्हणायला लागला. शेवटी एका दुपारी मी ताट उचललंच नाही. समोर बसून राहिले.

"काय झालंय ते सांगा, नाहीतर मीही जेवत नाही."

"वहिनी, दार लावा."

"भरदुपारी दार कशाला लावायचं?"

"लावा म्हणतो ना."

दार लावलं. त्यांनी कपाटावरची जुनी रजई ओढली आणि तिच्या मागून बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा काढला. झाकण उघडलं. आत किल्ल्याच किल्ल्या. प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला.

"कुणाच्या या?"

"सगळ्यांच्या."

"सगळ्यांच्या म्हणजे?"

"सेंटरच्या सगळ्या गाळ्यांच्या. जो जो माझ्याकडे किल्ली करायला आला, त्याची मी एक जास्त करून ठेवली."

मी दाराची कडी लागलीय ना ते बघितलं. "त्यांना न सांगता?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

मग त्यांनी सांगितलं ते असं. दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. लोकर विकणाऱ्या बाईंची मुलगी तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. ती दुकानाच्या मागच्या कोठीत शिरली, दार आपटलं आणि कुलूप आपोआप बसलं. किल्ली आत, खुंटीवर. कोठीत चहाची शेगडी पेटलेली, चहूकडे लोकरीचे गठ्ठे. बाई दारावर डोकं आपटतायत, आत पोर रडतंय. भावोजींना बोलावलं. त्या कुलपाची किल्ली त्यांनीच काही दिवसांपूर्वी करून दिली होती. पण करून दिली होती, जवळ नव्हती. घामाने हात निसटत होते, हत्यार घसरत होतं. आतलं रडणं थांबलं. ते थांबल्यावर दार उघडलं. पोरगी एका गठ्ठ्यावर झोपली होती, अंगाला साधा चटका नाही.

"तिला काही झालं नाही, वहिनी. पण ते रडणं थांबलं ना, तेव्हापासून माझ्या हाताला सवयच लागली. एक गिऱ्हाइकाची, एक डब्यातली. लोक किल्ली टाकून खरेदीला जायचे, बघायला कुणी नसायचं. परक्यांच्या नाही ठेवल्या, त्यांचं घर मला कुठे माहीत? पण सेंटरमधले आपले. वेळ पडली तर..."

"मग कधी वेळ पडली?"

"एकदाही नाही." हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की मला पुढचा प्रश्न विचारवेना. पण त्यांनी तो ओळखला. "आणि एकदाही वापरली नाही. देवाशपथ."

मी विश्वास ठेवला. पण ठेवतानाच मनात आलं, मी ठेवते कारण इतकी वर्षं भावोजींना जेवू वाढतेय. सेंटरमधले चपलावाले का ठेवतील?

"आता शटरं उघडायची," ते म्हणाले, "निम्म्या लोकांच्या किल्ल्या हरवलेल्या असणार. ते येणार माझ्याकडे. घरात किल्ली असताना मी हत्यारं घेऊन कुलूप उचकटत बसू? आणि किल्ली काढली तर विचारतील, ही तुझ्याकडे कुठून आली? काय सांगू?"

संध्याकाळी हे कचेरीतून आले तेव्हा मीच सांगितलं. भावोजी भिंतीला टेकून उभे. यांनी बूटसुद्धा काढले नव्हते.

"याला काय म्हणतात ठाऊक आहे का तुला?" हे भावाला म्हणाले. "तुझ्या भाषेत काळजी. पोलिसांच्या भाषेत काय म्हणतात?"

"अण्णा, मी कधी..."

"तू कधी नाही, ते मला माहीत आहे. मला माहीत असून उपयोग काय? डबा उचल आणि नदीत टाकून ये."

"टाकला आणि कुणाला सापडला तर?"

"पाण्यातून कोण काढतोय?"

"समजा काढला. त्याला अख्खं सेंटर सापडलं."

यांनी कपाळावर हात मारला. "अरे, कुठली किल्ली कुठल्या कुलपाची ते तुझ्याशिवाय कुणाला कळतंय! बरं, टाकू नकोस. कानस घे आणि सगळ्यांचे दात घासून सपाट कर. आत्ता, माझ्यासमोर."

भावोजींनी कानस घेतली. एक किल्ली उचलली. पुन्हा खाली ठेवली. "शटरं एकदा उघडू देत, अण्णा. एखाद्याचं उघडलंच नाही तर?"

यांनी कानस उचलून परत हत्यारांत ठेवली. ठरलं ते इतकंच, की कुणाजवळ चकार शब्द काढायचा नाही. सेंटर सुरळीत सुरू झालं की डबा निकालात काढायचा.

मी देवापुढे दिवा लावून बसले, पण काय मागावं कळेना. भावोजींचं गुपित झाकून ठेव असं मागायचं म्हणजे देवालाच आपल्या लपवाछपवीत ओढायचं. उघड कर म्हणण्याचं धैर्य नव्हतं. म्हणून नुसतं 'सांभाळ' म्हटलं. कसं सांभाळायचं ते त्याच्यावर सोडलं.

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात गाळेवाल्यांना आपापली शटरं उघडून साफसफाई करायला बोलावलं. भावोजींची जागा झाडून द्यायला मीही गेले. आत ओल्या सिमेंटचा आणि नव्या रंगाचा वास. खांबांना नवा थर चढवून ते चांगले जाडजूड केले होते. इतकी वर्षं घरी बसून आपण सुटलो तसे तेही सुटले असावेत. एक तरुण मॅनेजर नव्याने नेमला होता. तो हातात वॉकीटॉकी घेऊन प्रत्येक शटरपाशी उभा राहत होता.

भावोजी म्हणाले होते तसंच झालं. कुणाची किल्ली हरवलेली, कुणाची गंजलेली. "किल्लीवाले, इकडे!" "किल्लीवाले, आधी माझं!" ते तेलाची बुधली आणि हत्यारं घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होते. चपलांच्या दुकानाचं कुलूप काही केल्या हटेना. चपलावाले मागे उभे राहून बोलतायत, "काय हो, घरी बसून हात विसरला की काय? पूर्वी तर चुटकीसरशी उघडायचात!" भावोजी हसल्यासारखं करत होते. त्या कुलपाची किल्ली आमच्या घरी रजईमागे होती. कपाळावरून घाम निथळत होता, आणि तो उकाड्याचा नव्हता हे तिथे मला एकटीला माहीत होतं.

चपलावाल्यांचं एकदाचं उघडलं. मग कोपऱ्यातलं घड्याळांचं दुकान. ते चालवतात एक बहीण-भाऊ. भाऊ दुरुस्ती करतो, बहीण गल्ल्यावर बसते. तिचा नवरा गेल्यापासून ती आणि तिचा मुलगा भावाच्याच घरी. सगळे तिला ताई म्हणतात. त्यांच्या कुलपाला तेलही लागलं नाही. घड्याळवाल्यांनी किल्ली घातली, फिरवली, शटर वर गेलं.

आत काही नव्हतं.

काचेचं कपाट रिकामं. भिंतीवर जिथे घड्याळं टांगली होती तिथे गोल गोल फिके डाग तेवढे राहिले होते. घड्याळवाले आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मग कुलूप हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"फोडलेलं नाही," ते म्हणाले. "किल्लीने उघडलंय."

आजूबाजूचे जमले. सगळ्यांचं सामान धूळ खात का होईना, जागच्या जागी होतं. यांचंच नाही.

"किल्ल्या दोनच. एक माझ्या खिशात." आणि त्यांनी बहिणीकडे पाहिलं.

"माझी पेटीतच असते, दादा. कापडात गुंडाळून ठेवलीय."

"पेटीत असते ते मलाही ठाऊक आहे. मध्ये कधी बाहेर निघाली ते सांग."

"माझ्यावर येतोस?"

"मग कुणावर जाऊ? या भिंतीवर?"

"दादा, चारचौघांत बोलतोयस तू."

"पोराला बाहेरगावी शिकायला धाडलंस, ते कशावर, हेही चारचौघांत सांग की मग!"

ताईंनी पर्समधून कापडाची पुरचुंडी काढली, बहुतेक त्या दिवसासाठीच आणली असावी, आणि भावाच्या हातावर ठेवली. मग पायऱ्या उतरून गेटबाहेर गेल्या. माझ्या पाठीमागे काहीतरी खणकन पडलं. भावोजींच्या हातातली बुधली होती. फरशीवर तेल पसरत होतं आणि ते त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते.

परतताना बाहेर ताई दिसल्या. एका मैत्रिणीच्या दाराशी उभ्या होत्या. भावाच्या घरी जायचं नाही म्हणून तिच्याकडे राहायला आल्या असाव्यात, आणि हे तिला कसं सांगावं म्हणून बेल न वाजवता उभ्या होत्या. आम्ही दोघांनीही पाहिलं. दोघंही न थांबता पुढे चाललो.

संध्याकाळी यांच्यापुढे विषय निघाला.

"तुझा त्यात काय संबंध?" हे म्हणाले.

"त्यांना वाटतंय किल्ल्या दोनच आहेत, अण्णा. तीन आहेत."

"तिसरी तू वापरलीस?"

"नाही."

"मग झालं तर!"

"तीन आहेत हे त्यांना कळायला नको?"

"कळल्यावर काय होईल? ती बाई सुटेल आणि तू अडकशील. जागा जाईल, धंदा जाईल. आयुष्यभर लोकांनी घराच्या किल्ल्या ज्याच्या हातात दिल्या, त्याचं नाव जाईल. आणि चोर तर नाहीच सापडणार." मग माझ्याकडे वळून, "तूच सांग त्याला. तुझं तरी ऐकेल."

खरं बोलावं, हे मी मुलांना जन्मभर शिकवलंय. पण ज्या माणसाला वर्षानुवर्षं ताट वाढलं, त्याला तुरुंगात जा कसं सांगणार? मी एवढंच म्हटलं, "भावोजी, तुम्ही जे काही कराल त्यात मी तुमच्या बरोबर आहे."

"वा!" हे म्हणाले. "तू तुझ्या देवाला विचार आणि याला काहीही कर म्हण. मला भाऊ एकच आहे."

सकाळी हे जेवणाचा डबा न घेताच कचेरीत गेले. भावोजींनी आंघोळ केली, स्वच्छ शर्ट घातला आणि तो बिस्किटांचा डबा पिशवीत ठेवला. मी चपला घातल्या. "तुम्ही नका येऊ," ते म्हणाले. मी ऐकलं नाही.

सेंटरच्या खालच्या मोकळ्या जागेत गाळेवाल्यांची बैठक भरली होती. उद्घाटनाला रिबन कुणी कापायची यावर हुज्जत चालली होती. ताई एका खांबाला टेकून, सगळ्यांपासून लांब. भावोजी मध्ये गेले, टेबलावर डबा ठेवला आणि झाकण काढलं.

"घड्याळवाल्यांच्या दुकानाच्या किल्ल्या दोन नाहीत," ते म्हणाले. "तीन आहेत. तिसरी ही, निळ्या दोऱ्याची. तुमच्या सगळ्यांचीच एकेक आहे इथे. मीच करून ठेवल्या. वापरली एकही नाही. पण ताईंवर आळ घेण्याआधी माझ्यावर घ्या."

क्षणभर कुणाला अर्थच लागला नाही. मग एकदम कल्लोळ.

"सगळ्यांच्या? माझ्या दुकानाचीही?"

"आणि काल माझं कुलूप उघडताना घाम गाळत होतात ते नाटक होतं का?" हे चपलावाले.

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही कुलपं लावत होतो ती कशाला? शोभेला?"

भावोजींनी कारण सांगायचा प्रयत्न केला. "लोकरवाल्या बाईंची मुलगी तेव्हा कोठीत अडकली होती..."

लोकरवाल्या बाई ताडकन उठल्या. "माझ्या मुलीचं नाव मध्ये आणू नका! मी कधी सांगितलं होतं तुम्हाला चोरून किल्ल्या करायला?"

मला वाटलं होतं, निदान त्या तरी बाजूने बोलतील. पण ती आठवण त्यांनाही तितकीच बोचत असेल. ती अशी भरसभेत उघडी पडायला नको होती.

घड्याळवाल्यांनी निळ्या दोऱ्याची किल्ली उचलली. ते बहिणीकडे बघत नव्हते, भावोजींकडेही नाही. "पोलिसांना बोलवा," एवढंच म्हणाले. कुणीतरी फोन काढला. मी मनात देवाचं नाव घेत होते, पण ओठांवर येईना.

तेवढ्यात कामाचे जुने कागद चाळत बसलेला मॅनेजर म्हणाला, "थांबा, कोपऱ्यातला गाळा ना? त्याच्या मागेच खांबाचं काम झालंय. मुकादमाला विचारतो." आणि वॉकीटॉकीवर बोलू लागला.

मुकादम आला, खाकी टोपी काढून डोकं खाजवत. "तो गाळा होय? मागून भिंत पाडल्याशिवाय खांबाला हात कसा लावणार? पाडली, काम केलं, पुन्हा बांधली. सामान खोक्यांत भरून पार्किंगच्या जुन्या ऑफिसात ठेवलं. तेव्हाच्या मॅनेजरसाहेबांना सांगितलं होतं की! ते सोडून गेले, त्याला मी काय करणार?"

सगळे पार्किंगकडे धावले. खोकी होती. घड्याळं वर्तमानपत्रात गुंडाळलेली, एकही फुटलेलं नाही. घड्याळवाले एका खोक्यावर बसले आणि त्यांनी हातांत तोंड लपवलं. ताई लांबूनच बघत होत्या. थोड्या वेळाने जवळ गेल्या आणि खोकी मोजायला लागल्या. भावाशी बोलल्या नाहीत, पण मोजलेली खोकी त्याच्याकडे सरकवत होत्या.

सगळं सापडलं. चोरी झालीच नव्हती. पण डबा टेबलावर उघडा होता.

रात्रीच्या जेवणाला हे भावाच्या ताटाकडे बघत म्हणाले, "एक दिवस थांबला असतास तर काही सांगावंच लागलं नसतं."

"एक दिवस ताईंनी काय करायचं होतं?" भावोजी म्हणाले. आणि त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी ताटातलं सगळं संपवलं.

गाळेवाल्यांनी निर्णय दिला. ज्याची त्याची किल्ली ज्याला त्याला परत. भावोजींनी सध्या जिन्याखाली बसायला हरकत नाही. पण जागा पक्की द्यायची की नाही ते महिनाभराने बघू. पोलिसांत जायचं नाही. हे शेवटचं घड्याळवाल्यांनीच सुचवलं म्हणतात. भावोजींनी दोऱ्यांचे रंग बघून एकेक किल्ली एकेकाच्या हातात दिली. काहींनी मान डोलावली. काहींनी न बघता खिशात टाकली. लोकरवाल्या बाईंनी मुलीला पाठवलं. ती आता माझ्याहून उंच आहे. तिने किल्ली घेतली, काहीतरी बोलेल असं वाटलं, पण आईने हाक मारली.

उद्घाटनाच्या दिवशी फुगे, लाउडस्पीकर, भाषणं, सगळं होतं. गर्दी तर इतकी, की जणू कुणी इतकी वर्षं दुसरीकडे खरेदीच केली नव्हती. मी भावोजींजवळ पायरीवर बसून राहिले. डोक्यावर पावलांचा नुसता गडगडाट, आणि जिन्याखाली चिटपाखरू नाही. समोर चपलांच्या दुकानाला नवंकोरं, चकचकीत कुलूप लटकत होतं, दुसरीकडून आणलेलं. भावोजींची नजर सारखी तिकडे जात होती.

"कुलूप चांगलं आहे," ते म्हणाले. "पण किल्लीच्या कडा घासलेल्या नसणार."

"तुम्हाला काय करायचंय?"

"खिसा फाटेल हो त्यांचा."

दुपार कलली. मी घरी न्यायची पिशवी आवरायला घेतली, आणि ताई आल्या. हातात किल्ली. भावोजी उठायला गेले आणि डोकं जिन्याला आपटलं.

"एक करून द्या," ताई म्हणाल्या. "दादाच्या किल्लीवरून. माझी मी त्याच्या हातावर ठेवली, ती परत मागायची नाही मला. आज सकाळी तोच म्हणाला, दुसरी करून आण."

"तुम्ही दुकानात बसा, मी आणून देतो."

"नाही. मी इथेच थांबते."

आवाजात राग नव्हता. पण त्या थांबल्या. भावोजींनी बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. एकच कोरी किल्ली खिळ्यावरून काढली, त्यांना दाखवली, मशीनला लावली. मशीन किंचाळलं. ताईंची नजर त्यांच्या हातांवरून हलली नाही. कडा घासल्या, अंगठा फिरवला, शिसं चोळलं. जुनी आणि नवी, दोन्ही किल्ल्या त्यांनी ताईंच्या तळहातावर ठेवल्या आणि आपले दोन्ही पंजे मोकळे करून दाखवले. ते दाखवायला कुणी सांगितलं नव्हतं.

"तुम्ही माझ्यासाठी उठून बोललात," ताई म्हणाल्या, "ते विसरणार नाही मी." पैसे दिले. दोन पावलं जाऊन वळल्या. "तो डबाही विसरणार नाही."

त्यांना तिथे उभं बघून की काय, मग एक म्हातारे गृहस्थ आले, मग एक बाई, मग आणखी कुणी. पूर्वी लोक किल्ली टाकून "आलोच" म्हणत निघून जायचे. त्या दिवशी कुणी गेलं नाही. जो तो मशीन थांबेपर्यंत उभा. एकजण तर वाकून खिळ्यांवरच्या किल्ल्या मोजत होता. मला दर वेळी वाटत होतं, आता कुणी काही बोलेल, आता बोलेल.

दिवे लागले तशी गर्दी ओसरली. भावोजींनी पितळेचा चुरा झाडून कागदात गोळा केला. मशीनवर कापड टाकलं.

"वहिनी, सगळे थांबले हो बघायला."

"हो."

"उद्याही थांबतील."

"थांबतील."

महिना संपल्यावर गाळेवाले काय म्हणतील ते मला माहीत नाही, त्यांनाही नाही. मी जाळीच्या दाराला कुलूप लावलं, त्यांनी ओढून बघितलं. चार पावलं चालून ते परत फिरले. मला वाटलं, पुन्हा कुलूपच बघायला निघाले. पण ते जिन्याखालच्या त्या तिरक्या जागेकडे, मशीनच्या समोरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे बघत उभे राहिले.

"घरातलं दुसरं स्टूल उद्या घेऊन येऊ या का?" ते म्हणाले. "उभं राहून पाय दुखतात लोकांचे."